भास्कर केंद्र, तामसी

भाकर विकण्याची गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदा निघाली तेव्हा वीज गेलेली होती, त्यामुळे कोणाचा चेहरा कसा झाला ते कोणालाच कळले नाही. आईचा ताटातला हात थांबला, एवढे मात्र बांगड्यांवरून समजले.

"काय इकाले निघाली सूनबाई?"

"भाकर," बायको म्हणाली. "स्टँडपाशी. दिवस मावळला की."

मी मास्तर आहे. कोणत्याही विषयावर नकार द्यायला मला तयारी लागत नाही. म्हणालो, "अगं, भाकर कोणी विकत घेतं का? घरोघरी चुली आहेत."

"आदिलाबादले घेतात. रांगेत उभे राहून घेतात. त्यांच्या घरी चुली नसतीन का?"

हे खरे होते. तेलंगणातल्या कोणत्याही शहरात संध्याकाळी फिरा. नाक्यानाक्यावर बाया तवा मांडून बसलेल्या दिसतात. धपाधप ज्वारीच्या भाकरी थापतात आणि पंधरा-वीस रुपयांना एक अशी 'जोन्न रोट्टे' हातावेगळी होते. डोक्यावरचे हेल्मेट न काढता माणसे गाडीवर ताटकळत असतात. हैदराबादला आहे, निजामाबादला आहे, आदिलाबादला तर आहेच. मी हे सगळे वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. पण पाहणे वेगळे आणि बायकोने पाहणे वेगळे. तिने पाहिले की त्यातून आपल्याला काहीतरी करावे लागते.

उत्तर सुचेना, तेव्हा मी म्हणालो, "तुला व्यवहार समजत नाही." माझा स्वतःचा व्यवहार म्हणजे एक तारखेला पगार आणि वीस तारखेला उसनवारी.

आईचा आक्षेप निराळा होता. "या घरातून आजवर कोनी भाकर मांगली त आपन नाही म्हटलं नाही. आता त्याले पैसे मांगाचे?" यावर बायकोही गप्प झाली. वीज आली. सगळ्यांनी एकमेकांकडे न पाहता जेवण संपवले.

तामसी हे आदिलाबाद जिल्ह्यातले मंडळाचे गाव. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. आमच्या घराने जागा न सोडता निजामाचे राज्य पाहिले, 1948 नंतर भारतातले हैदराबाद राज्य पाहिले, 1 नोव्हेंबर 1956 ला ते आंध्र प्रदेशात गेले आणि 2 जून 2014 ला सकाळी तेलंगणात जागे झाले. इतकी राज्ये बसल्या जागी बदललेल्या माणसांना एका तव्याची काय भीती वाटावी? पण वाटते. शिवाय आमच्याकडे ती भीती तीन भाषांत मिळते. बायकोने बेत सांगितला की मराठी शेजारी म्हणे 'कायले', तेलुगू शेजारी म्हणे 'एंदुकु' आणि मशिदीजवळचे चाचा म्हणत 'कायकू'. 'किती वाजता सुरू करणार' हे तिन्ही भाषांत कोणी विचारले नाही.

गावच्या पटेलांनी तर इतिहासच काढला. "मास्तर, 1983 ले एन. टी. रामारावनं दोन रुपये किलो तांदूळ देला, तवाच ज्वारी ताटातून उठली. आता त 2025 च्या उगादीपासून रेशनवर बारीक तांदूळ. सन्न बियम! फुकट! फुकटचा भात सोडून तुमच्या बायकोची भाकर कोन खाईन?"

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एका गुरुजींनी मला व्हरांड्यात गाठले. "सर, 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं. ज्वारीला सोन्याचे दिवस आलेत. पंधरा रुपयांत विकू नका. पांढऱ्या बशीत ठेवा, शेजारी कोथिंबिरीची एक काडी ठेवा आणि दीडशे लावा." म्हणजे एकाच आठवड्यात ज्वारी 1983 सालीच मेलेली होती आणि दीडशे रुपयांना बशीत बसलेलीही होती. मला दोघांचेही पटले. माझे हे असेच आहे. समोरचा माणूस ठाम असला की मला लगेच पटते, आणि तो गेला की पुढच्याचे पटते.

या सगळ्यांत वजनदार सल्ला बायकोच्या मामांचा. मामांना धंद्याचा अनुभव आहे. 2010 च्या आसपास आंध्र, तामिळनाडू आणि महाराष्ट्रात इमूपालनाची जी लाट आली, तीत मामा पुढच्या रांगेत होते. इमू म्हणजे शहामृगाचा चुलतभाऊ. त्याचे मांस विकले जाणार, तेल सांधेदुखीवर जाणार, हिरवी अंडी तर हातोहात उडणार आणि सगळे कंपनी परत विकत घेणार. पुढे असे लक्षात आले की इमू विकत घेणारे लोक म्हणजे ज्यांना इमू पाळून दुसऱ्यांना विकायचे होते तेच. 2012 पर्यंत असे लोक संपले. मामांचे पक्षी मात्र संपले नाहीत. ते रोज खात होते आणि कुंपणावरून मान काढून मामांकडे भावाची चौकशी केल्यासारखे पाहत होते.

मामा म्हणाले, "पोरी, एक गोष्ट ध्यानात ठेव. धंद्यात सोताचं डोकं चालवू नाही. अनुभवी मानसाले इचारावं."

"मामा, इमूच्या वक्ताले कोनाले इचारलं होतं?"

"अनुभवी मानसालेच. एजंट होता तो."

बायको हसली नाही, हे तिचे संस्कार. मी हसलो, तर मामांनी माझ्याकडे वळून विचारले, "तुमी काय म्हनता जावईबापू?" मी म्हणालो, "तुमचंही बरोबर आहे."

घरात खरा घोटाळा झाला तो लक्ष्मणराव किर्लोस्करांमुळे. गोष्टीच्या तासाला मी त्यांची गोष्ट फार रंगवून सांगतो. मुंबईला व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर असलेला माणूस. बढती डावलली म्हणून नोकरी सोडतो, बेळगावला भावाबरोबर सायकलींचे दुकान काढतो आणि पुढे लोखंडी नांगर करतो. शेतकरी म्हणतात, लोखंडाने जमिनीला विष चढते. पहिला नांगर खपायला दोन वर्षे जातात. नांगर पडून, माणूस उभा! मग 1910 साली औंधच्या अधिपतींनी दिलेला, कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ. त्या माळाची होते किर्लोस्करवाडी. 'विष चढते' या ठिकाणी मी कपाळावर हात मारून शेतकऱ्याचा अभिनय करतो. मुलांना तो इतका आवडतो की तेवढाच भाग ती पुन्हा करायला लावतात.

आमच्या मुलाने तो अभिनय घरी करून दाखवला. बायकोने पाहिला आणि रात्री मला विचारले, "त्या गोष्टीत तुमी कोन?"

"म्हणजे?"

"किर्लोस्कर का ते शेतकरी?"

"मी मास्तर."

"मास्तर त किर्लोस्करही होते."

"त्यांनी नोकरी सोडली होती."

"मी कुठी सोडा म्हनते? तुमी नोकरी करा, म्हंजे मले धंदा करता येईन."

मी त्या काळी बेळगावात असतो तर लक्ष्मणरावांना काय सांगितले असते, हे मला पक्के ठाऊक आहे. 'बढतीसाठी एक अर्ज पुन्हा टाकून पाहा, नांगराचे नंतर बघू.'

मग बँक. मुद्रा योजना 2015 पासून आहे आणि तीत शिशु, किशोर, तरुण असे कर्जाचे टप्पे आहेत. पन्नास हजारांपर्यंत शिशु. चाळिशी उलटलेली माझी बायको आणि पन्नाशीला टेकलेला मी, एका बँकेत शिशूंच्या रांगेत बसलो. साहेब तेलुगू. बायकोचे तेलुगू बाजारापुरते. म्हणून मी मध्ये दुभाषा. तिच्या प्रत्येक उत्तराचे भाषांतर करताना मी त्यात थोडी थोडी भीती मिसळत होतो.

साहेब म्हणाले, "भाकर हे उत्पादन की सेवा?"

बायको म्हणाली, "गरम असंन त सेवा, थंडी झाली त उत्पादन."

साहेबांना प्रकल्प अहवाल हवा होता. पाच वर्षांनंतरची अपेक्षित उलाढाल हवी होती. ती म्हणाली, "पीठ असंन तेवढी." मी भाषांतर केले, "साहेब, ती जरा भोळी आहे." हे तेवढे तेलुगू तिला समजले. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही आणि त्यानंतर आम्ही बँकेत गेलो नाही. तवा, शेगडी, काठवट आणि पहिले ज्वारीचे पोते एवढे भांडवल तिने महिला संघातून उचलले. अन्नपदार्थ विकणाऱ्याला सरकारी नोंदणी लागते, लहान धंद्याला वर्षाला 100 रुपये, तीही तिनेच करून घेतली. आईने विचारले, "भाकर थापाले सरकारची परवानगी?" आणि का कोण जाणे, त्या कागदानंतर आईचा विरोध मावळू लागला. फुकट वाढायची भाकर वेगळी आणि शिक्क्याची भाकर वेगळी, असे काहीतरी तिच्या मनाने घेतले असावे.

संघाच्या बैठकीत त्या बायांना कोणीतरी लिज्जत पापडाची गोष्ट सांगितली होती. 15 मार्च 1959, मुंबईत गिरगावातली एक गच्ची, सात बाया, उसने घेतलेले 80 रुपये आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे. बायकोने ती मला जेवताना ऐकवली. मी शांतपणे ऐकत होतो. त्या गच्चीवर माझ्यासारखा एखादा नवरा चढला असता तर 'पापड घरोघरी लाटतात, विकत कोण घेईल' असे म्हणाला असता आणि हिंदुस्थान एका पापडाला मुकला असता.

आता गंमत बघा. ज्या गावाने बायकोच्या तव्याला जुगार म्हटले, ते गाव दरवर्षी जून महिन्यात काय करते? पावणेपाचशे ग्रॅम बियाणाची कपाशीची पिशवी नऊशेच्या आसपास रुपये मोजून आणते, ती काळ्या मातीत पुरते आणि आभाळाकडे पाहत बसते. पाऊस आला नाही तर दुबार पेरणी. म्हणजे पुन्हा पिशवी, पुन्हा आभाळ. आला तर गवत आधी येते. मग खत, फवारणी, बोंडअळी. दिवाळीला कापूस वेचून गाडी बाजारात न्यावी तर तिथे ओलाव्याचे यंत्र. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, बारापर्यंत कापून भाव, बाराच्या वर गेला तर गाडी माघारी. थंडीच्या दिवसांत, दव पडते तेव्हा, बारा टक्क्यांच्या आत काय राहते? आमच्या गावात नातीसुद्धा राहत नाहीत. आणि हे सगळे उसन्या पैशांवर. माझीही थोडी जमीन आहे, मीही पिशव्या आणतो. यासाठी कोणी कोणाला प्रकल्प अहवाल मागत नाही. मामा 'अनुभवी मानसाले इचार' म्हणत नाहीत. का? तर सगळेच पेरतात. एकट्याने काही केले तर तो वेडेपणा, आणि साऱ्या गावाने मिळून बुडायचे ठरवले तर तो हंगाम.

तर बायकोचे ठरले, आणि पाटी रंगवायला दिली. ते काम माझ्याकडे होते. मी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिले, 'भाकर केंद्र, तामसी'. वर तेलुगूत, खाली मराठीत. पेंटर आदिलाबादचा, तेलुगू, अतिशय सज्जन माणूस. त्याला वाटले, मास्तरांच्या हातून एक अक्षर निसटले. त्याने न बोलता, जादा पैसे न घेता, दुरुस्ती केली. पाटी लागली, 'भास्कर केंद्र'. वर तेलुगूतही भास्करच.

त्यानंतर भास्करला शोधत माणसे येऊ लागली. एकाला जमिनीचा सातबारा हवा होता, तोही नदीपलीकडचा. एक जण तावातावाने आला, "कुठी हाय तो भास्कर? माहे दोन हजार हायेत त्याच्याकडं." बायको म्हणाली, "आला की सांगतो, तवरिक भाकर घ्या." त्याने रागारागात चार घेतल्या. पाटी दुरुस्त करायला मी निघालो तर तिने अडवले. "राहू द्या. भास्कर हाय म्हनून लोक बाईले उधारी मांगत नाही."

उद्घाटनाची मात्र शोभा झाली. पीठ आधीच दळून आणलेले होते. मामांनी मुहूर्त पुढे ढकलला, आणि मुहूर्त शुभ होईपर्यंत पीठ विरी गेले. ज्वारीच्या शिळ्या पिठाला चिकटपणा राहत नाही. ऊन पाणी घालून मळले, तरी भाकर थापायला घेतली की कडा फाटत. पहिली भाकर तव्यावर पडली ती थेट आंध्र प्रदेशाच्या विभाजनाचा नकाशा. ती देवाला गेली. दुसरी गायीला. तिसरी मामांनी 'चव पाहतो' म्हणून घेतली, चौथी पहिल्या चवीची खात्री करायला. वारा सुटला, शेगडी विझली, आणि कोणाच्या तरी कुत्र्याने ठेच्याची वाटी चाटून सगळ्या स्टँडभर आरडाओरड केली. मी जमाखर्चाची मोठी वही नेली होती, लाल शाईने रकाने आखून. जमेच्या बाजूला लिहायला काही नव्हते, म्हणून मी तारीख दोनदा लिहिली.

त्या रात्री घरात सल्ल्यांचा पूर आला. पटेल म्हणाले, मी सांगितलंच होतं. गुरुजी म्हणाले, बशी नव्हती. मी म्हणालो, "बघ बुवा, अजून तवा परत घेतील." बायकोने कोणालाच उत्तर दिले नाही. ती सकाळी उठली, ताजी ज्वारी दळून आणली आणि त्याच संध्याकाळी पुन्हा तवा मांडला. या वेळी मुहूर्त कोणाला विचारला नाही. भाकरी टम्म फुगल्या.

गिऱ्हाईक आले, पण अंधार पडल्यावर. कारण आमच्याकडे पुरुषाने भाकर विकत घेतली की गावाला एकच अर्थ लागतो. घरी भांडण झाले. त्यामुळे प्रत्येक जण कारण घेऊनच यायचा. "पाहुने आले अचानक." "कुत्र्यासाठी पाह्यजे, त्याले भात पचत नाही." एक जण रोज दोन भाकरी कुत्र्यासाठी न्यायचा आणि ठेचा वाढवून मागायचा. पळसाच्या पानात गुंडाळून द्या, वर आणखी एक पान लावा, असे त्यांचे म्हणणे. हळूहळू कारण बाहेर आले, आणि ते भांडणापेक्षा मोठे होते. अर्ध्या गावाला साखर होती. डॉक्टरांनी रात्रीचा भात बंद केला होता. घरात सगळे फुकटच्या बारीक तांदळाचा भात खाणार, मग एकट्यासाठी काठवट कोण काढणार? ज्वारी ताटातून उठवणारा तोच तांदूळ तिला आता स्टँडपाशी बसवून गेला.

सर्वांत उशिरा, डोक्याला उपरणे गुंडाळून, पटेल आले. "दोन द्या. घरी सोयरे आले." बायकोने चार दिल्या. त्यांनी दोन परत केल्या नाहीत.

आई आता गल्ल्यावर बसते. भाकर विकणे पाप आहे असे म्हणणारी हीच बाई, पण रुपयाही सोडत नाही. मागे मी घरचा माणूस म्हणून एक भाकर उचलली, तर तिने माझ्या नावाने वहीत लिहिली.

संक्रांतीपर्यंत स्टँडपाशी आणखी तवे लागले. पहिला तवा जुगार होता, दुसऱ्यापासून हंगाम सुरू झाला. एकाने तर पाटीही 'भास्कर' नावाचीच लावली, त्यात शकुन आहे म्हणे. मग मामा आले. बराच वेळ तव्याकडे पाहत उभे राहिले.

"पोरी, मी पन टाकू काय असंच काही?"

"मामा, मले कायले इचारता? सोताच्या मनाले इचारा ना."

"मनाले इचारलं. ते म्हनते, तुले इचार."

मामांनी माझ्याकडेही पाहिले. मी म्हणालो, "विचार चांगला आहे, पण न केलेलाही बरा."

तामसीला कधी आलात तर संध्याकाळी सहानंतर स्टँडपाशी या. डबा आपला आणावा, सुटे पैसे आणावेत, भास्करची चौकशी करू नये. बसायला बाक आहे. धंद्याबद्दल काही सुचवायचे असेल तर आधी दोन भाकरी घ्याव्या लागतात. आई त्याशिवाय ऐकून घेत नाही.